त्सुयुरी: एका आडनावाच्या प्रकल्प नोंदी

२६ मे २०२५, सोमवार, कोबे (जपान)

रात्री नाशिकहून भाचीचा मेसेज. "मामा, त्सुयुरी असं आडनाव खरंच असतं का, की कार्टूनवाल्यांनी बनवलंय?" वर्षभर ती ज्या अनिमेच्या नादी लागली आहे, त्यातल्या एका अबोल मुलीचं हे आडनाव. मी तोऱ्यात उत्तर ठोकलं: "असतं. आणि ते माझ्या कोबेचंच आहे." त्यावर लगेच पुढचा प्रश्न: "किती लोकांचं?" इथे मामांची गाडी अडली.

योगायोग असा, की दुपारी ऑफिसात डबा खाताना हाच विषय निघाला होता. आजपासून कोसेकीत नावाचा उच्चारही नोंदवायला सुरुवात झाली. कोसेकी म्हणजे इथली कुटुंबाची सरकारी वही. जन्म, लग्न, दत्तक, मृत्यू सगळं तिच्यात. एवढ्या काटेकोर वहीत आजवर नाव कांजीत, म्हणजे चिनी वळणाच्या चित्राक्षरांत, लिहिलेलं असे, पण ते वाचायचं कसं याला कायद्यात जागाच नव्हती. म्हणजे नाव कसं दिसतं हे सरकारला ठाऊक, कसं ऐकू येतं हे घरच्यांना ठाऊक.

भाचीला दोन ओळींत कटवणं जमणार नाही. सुट्टीच्या दिवशी थोडं थोडं खणायचं, आणि शेवटी तिला वाचता येईल असं चार पानांचं टिपण करून पाठवायचं. फाइल उघडली. नाव ठेवलं 'त्सुयुरी'.

३१ मे, शनिवार

आज फक्त वाचन. म्हणजे नावाचंच वाचन.

आडनावात तीन कांजी आहेत. पहिली 'कुरी', म्हणजे चेस्टनट. दुसरी 'हाना', फूल. तिसरी 'ओचिरु', गळून पडणं. चेस्टनटची फुलं गळतात, एवढंच लिहिलेलं. आता हे त्सुयुरी कसं वाचायचं? मी सकाळी दोन तास प्रत्येक कांजीचा एकेक आवाज जुळवत बसलो: 'त्सु' कुठला, 'यु' कुठला, 'री' म्हणजे बहुधा 'कुरी'तला. तिघांची मोट बांधून एक तक्ताही केला. सगळा चुकीचा, संध्याकाळी फेकला.

कारण हा शब्द अक्षरं फोडून वाचायचाच नाही. त्सुयु म्हणजे जूनमधला पाऊसकाळ, 'इरी' म्हणजे आत शिरणं. त्सुयु-इरी, पाऊसकाळ लागणं, त्याचंच घासून त्सुयुरी किंवा त्सुइरी झालं. कुरीची फुलं झडतात तेव्हाच इकडे पाऊस लागतो. म्हणून लिहिताना लिहिलं झाडाबद्दल आणि वाचलं पावसाबद्दल. 'त्सुइरी' हा शब्द शब्दकोशातही चेस्टनट आणि फूल या कांजींनी लिहिलेला सापडतो, म्हणजे हा काही एका घराण्याचा खासगी चावटपणा नाही. शब्द आधीचा, आडनाव त्यावर बसलेलं.

अशी कोडी घालणारी आडनावं आणखीही आहेत. एक लिहितात 'लहान पक्षी खेळतात' असं आणि वाचतात ताकानाशी, म्हणजे 'ससाणा नाही'. ससाणा नसला की चिमण्या खेळणारच. दुसरं लिहितात 'चौथ्या महिन्याची पहिली तारीख' आणि वाचतात वातानुकी, म्हणजे 'कापूस काढणं'. जुन्या चांद्र पंचांगात त्या दिवशी थंडीच्या अंगरख्यातला कापूस उसवून काढत. हे दुसरं मला फार आवडतं. त्यात एक आख्खी बाई सुई-दोरा घेऊन अंगणात बसलेली दिसते.

सावधगिरीची एक खूण इथेच करून ठेवतो. अशा गमतीजमतींच्या याद्यांमध्ये कुठलंही कोडं आडनाव म्हणून खपवलं जातं. दुकानांवर 'वसंत, उन्हाळा, हिवाळा, सुरू' अशी पाटी लावतात. शरद ऋतू, म्हणजे 'आकी', त्यात नाही, 'नाइ'. मिळून झालं आकिनाइ, म्हणजे धंदा. दुकान उघडं आहे. ही झकास पाटी आहे, पण म्हणून ते कुणाचं आडनाव ठरत नाही. त्सुयुरीला मात्र गाव आहे, जमीन आहे, विहीर आहे.

५ जून, गुरुवार

ऑफिसातून लवकर सुटून शहराच्या मध्यवर्ती वाचनालयात, ओकुरायामाला. आडनावकोशांचे जाडजूड खंड काढून बसलो. माझं वाचन अजून बोट ठेवून चालतं, त्यामुळे दीड तासात जेमतेम तीन पानं.

एक गैरसमज मात्र आज पुरता मोडला. माझी समजूत होती की सामान्य जपान्यांना आडनावंच नव्हती आणि मेइजी काळात सरकारनं सांगितल्यावर सगळ्यांनी एका रात्रीत बनवली: शेताजवळचा म्हणून तानाका, डोंगराच्या तोंडाशी म्हणून यामागुची. गोष्ट निम्मी खरी. १८७० मध्ये सामान्यांना आडनाव लावायची परवानगी मिळाली. लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही. आडनाव लावलं की करवाले दारात येतील ही भीती. मग १३ फेब्रुवारी १८७५ ला ते सक्तीचं झालं. मागे लकडा होता लष्कराचा, कारण सैन्यभरतीच्या यादीत एकाच गावातले सात तारो कसे ओळखायचे? पण कित्येक घरांत आडनाव आधीपासून होतंच, देवळाच्या वर्गणीच्या पाट्यांवर, कबरींवर. फक्त सरकारदरबारी उच्चारायची मुभा नव्हती.

म्हणजे 'हे आडनाव कधीचं' या प्रश्नाला १८७५ हे उत्तर आळशी आहे.

१० जून, मंगळवार

काल हवामान खात्यानं आमच्या किन्की भागात त्सुयु लागल्याचं जाहीर केलं. शुभशकुन मानून आज दंतकथा उतरवली. आधी सरळ सांगतो, शंका नंतर.

कोबेच्या डोंगरामागच्या यामादा गावचा सानेकात्सु नावाचा माणूस नारा काळात, म्हणजे आठव्या शतकात, राजदरबारी चाकरीला होता. हुद्दा साएमोन-नो-जो, राजवाड्याच्या दारावरचा अधिकारी. त्याचं मन बसलं उजवे मंत्री (दरबारातलं फार वरचं पद) फुजिवारा नो तोयोनारी यांच्या धाकट्या मुलीवर, शिराताकी-हिमेवर. कुठे मंत्र्याची लेक, कुठे डोंगरातला गडी. त्यानं कविता धाडल्या. तिनंही कवितेतच उत्तर दिलं. त्याचा भावार्थ असा, की ढगही पोचत नाहीत अशा शिखरावरच्या शुभ्र धबधब्यावर एवढा जीव लावू नकोस, यामादाच्या गड्या. त्यानं उलट पाठवलं: सहाव्या महिन्याच्या उन्हात भाताच्या पात्यांची टोकं करपताहेत, धबधब्याच्या पाण्या, ये, यामादात उतर.

सम्राट जुन्निनला त्याची दया आली, त्यानं मध्ये पडून लग्न लावून दिलं. ती यामादाला आली, मुलगा झाला आणि थोड्याच वर्षांत वारली. नवऱ्यानं घराजवळ तिचं लहानसं देऊळ बांधलं. पुढे दरवर्षी कुरीची फुलं गळायच्या वेळी देवळासमोर झरा फुटू लागला (तीच ती विहीर), म्हणून घराण्यानं आडनाव बदलून त्सुयुरी केलं.

भाचीला ही गोष्ट जशीच्या तशी पाठवली. उत्तर: "मग ती मेली का? का पण?" तिला गोष्टी पटकन लागतात. मी लिहिलं, पुढचं नंतर.

१२ जून, गुरुवार

गोष्टीचे सांधे तपासले. चांगली गोष्ट तपासायला बसणं हा थोडा दुष्टपणाच आहे, पण प्रकल्प म्हटला की करावं लागतं.

तोयोनारी खरा माणूस. ७४९ मध्ये उजवा मंत्री झाला. ७५७ मध्ये एका कटाच्या प्रकरणात पद गेलं, क्यूशूला जायचा हुकूम झाला. साहेब आजारपणाचं निमित्त करून नानिवात, म्हणजे आजच्या ओसाकात, बसून राहिले. धाकट्या भावानं बंड केलं, ते फसलं, आणि ७६४ च्या शरदात तोयोनारी पुन्हा उजवा मंत्री. इकडे जुन्निनची कारकीर्द ७५८ ते ७६४, आणि त्या बंडानंतर महिन्याभरातच त्याचं सिंहासन गेलं. म्हणजे 'जुन्निनच्या राज्यात, उजवे मंत्री तोयोनारी' ही जोडी जमते ती फक्त काही आठवडे. आणि त्या आठवड्यांत सम्राटाला स्वतःची गादी सांभाळायची पडली होती, कुणाचं लग्न जमवत बसायला सवड कुठली!

दुसरा सांधा त्याहून कच्चा. साएमोन, म्हणजे दारपहाऱ्याची डावी शाखा, या नावाची कचेरी अस्तित्वात आली ८११ मध्ये. सानेकात्सुला हा हुद्दा त्याच्या काळाच्या पन्नास वर्षं पुढून आणून चिकटवलेला आहे. पुढच्या काळात हे हुद्दे गावोगावच्या मातब्बरांनी नावापुढे सर्रास लावले, तेव्हाच्या कुणाच्या तरी तोंडून ही गोष्ट आपल्यापर्यंत आली.

१५ जून, रविवार

विहीर पाहिली. आजची नोंद लांबणार.

सान्नोमियाहून भुयारी रेल्वेनं रोक्को डोंगराच्या पोटातून तानिगामी. दोनच स्टेशनं, पण मध्ये लांबच लांब बोगदा. एवढ्या प्रवासाला पूर्वी ५५० येन पडत, २०२० मध्ये ते २८० झाले. समुद्राकडच्या कोबेतून डोंगरामागच्या कोबेत गेलं की हवा बदलते, आणि ट्राउझरऐवजी गमबूट दिसायला लागतात. पुढे मिनोतानी, तिथून बस. यामादाच्या खोऱ्यातल्या हारानो भागात उतरलो. पाऊस भुरभुर, छत्री उघडू की नको असा.

विहिरीच्या आधी वास भेटला. कुरीच्या फुलांचा वास कुणी सांगितला नव्हता आणि सांगण्यासारखा तो नाहीच. गोडसर, ओशट, बंद खोलीत ओलं पीठ ठेवल्यासारखा. झाड रस्त्याच्या वळणावर होतं. फूल म्हणजे पाकळ्या वगैरे नाहीत. वीतभर लांबीचे फिकट पिवळे तुरे, दिव्याच्या वातीसारखे, झुपक्यांनी लटकलेले. आणि खाली डांबरावर पडलेले शेकडो. ओले होऊन तपकिरी झालेले, थेट सुरवंटासारखे. पहिल्यांदा मी पाय चुकवत चाललो. एक उचलून पाहिला तर हाताला पिवळी भुकटी. यांच्यावर एखाद्या घराण्याचं नाव पडावं असं यांत काय आहे, असं वाटलं. मग मागे वळून पाहिलं: रस्ता काळा, शेतं पाण्यानं भरलेली, भाताची रोपं नुकती लावलेली, आणि हे तुरे बरोबर पाण्याच्या कडेनं वाहत चाललेले. तारीख कळायला पंचांग लागू नये. आमच्याकडे पेर्ते व्हा ओरडला की शेतकरी मान वर करतो, तसं इथे मान खाली करून कळत असणार.

विहीर लहान आहे. दगडी कुंपण, शेजारी छोटं देऊळ, माहितीची पाटी. मी वाकून पाहिलं, तळाशी पाणी, त्यावर पानं आणि एक तुरा. पाण्याचा आवाज नाही. पाटी वाचायला मला दहा मिनिटं लागली. तेवढ्यात छोट्या ट्रकमधून एक आजोबा गेले, हात केला, मीही केला. थांबून काही विचारावं असं मनात आलं होतं, पण काय विचारणार? तुमचं आडनाव काय?

येताना खोऱ्याचा नकाशा नीट पाहिला. या यामादा नदीचं पाणी कालव्यानं पश्चिमेच्या इनामिनो पठाराकडे नेलेलं आहे. तो सगळा मुलूख पाण्यावाचून तहानलेला, तळी खणून खणून शेती केलेली. सिंचनाच्या तळ्यांत आमचा ह्योगो प्रांत देशात पहिला. शेजारच्या ओगो नदीवरचा कालवा १८९१ चा. त्यात पाणी दरीतून खाली उतरवून पलीकडे वर चढवायला पामर नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं लोखंडी नळांची वक्रनलिका बसवली. एका ओढ्यासाठी एवढा खटाटोप करणारा हा प्रदेश. इथे जूनमध्ये आपोआप भरणारी विहीर ज्याच्या अंगणात, त्याच्या नावानं गोष्ट होणारच.

२२ जून, रविवार

मोठा धक्का, पण गोड.

कोबेपासून चारशे किलोमीटरहून जास्त दूर, गुन्मा प्रांतात किर्यू नावाचं रेशीम विणणाऱ्यांचं गाव आहे. तिथेही शिराताकी-हिमे आहे! तिचं देऊळ आहे. तिथली गोष्ट: यामादा परगण्यातला एक गडी क्योतोला दरबारी कामावर गेला, राजकन्येसारख्या शिराताकीवर भाळला, कवितेच्या जोरावर तिला जिंकून गावी घेऊन आला. ती येताना रेशीम आणि विणकाम घेऊन आली. तिला मोठ्या खडकाखाली पुरलं. खडकाला कान लावला की आतून मागाचा खटखट आवाज येई. एकदा कुणीतरी लाकडी खडावा घालून खडकावर चढला, तेव्हापासून आवाज बंद. कविता जवळजवळ त्याच. ढगांपलीकडचा धबधबा, करपणारं भात, यामादाचा गडी.

तासभर मी 'कोणी कोणाची गोष्ट उचलली' या फंदात पडलो. बाणांचे नकाशे काढले. मग नावांकडेच पाहिलं आणि बाण खोडले.

यामादा म्हणजे डोंगरातलं भातखाचर. शिराताकी म्हणजे पांढरा धबधबा. खाचरानं धबधब्याला हाक मारली: मी करपतोय, खाली ये. ती आली. हे लग्न नवरा-बायकोचं आहेच, पण त्याआधी शेताचं आणि पाण्याचं आहे. कविता म्हणजे पावसासाठी घातलेलं साकडं. ज्या ज्या खोऱ्याचं नाव यामादा आहे आणि ज्याच्या माथ्यावर पाणी आहे, तिथे ही गोष्ट आपसूक रुजणार. किर्यूनं तिला माग जोडला, कारण तिथे पोट मागावर. कोबेच्या खोऱ्यानं विहीर जोडली आणि शेवटी एक आडनाव.

भाचीच्या 'का मेली' याचंही उत्तर बहुधा यातच आहे. झरा जमिनीतून फुटायचा तर तिला जमिनीत जावं लागणार. हे तिला लिहू की नको, ठरवलेलं नाही. अकरा वर्षांची आहे.

२७ जून, शुक्रवार

त्सुयु संपला म्हणे. जूनमध्येच! अठरा दिवसांत आटोपला. ऑफिसात सगळे आकाशाकडे संशयानं बघताहेत.

६ जुलै, रविवार

आता भाचीचा मूळ प्रश्न: किती?

जपान सरकार आडनावांची मोजदाद प्रसिद्ध करत नाही. कोरियात जनगणनेत ती होते. २०१५ च्या आकड्यांत दर शंभरातले साडेएकवीस किम. जपानमध्ये एकूण आडनावंच किती याचे अंदाज एक लाखापासून तीन लाखांपर्यंत पसरलेले, कारण मोजायचं काय हेच आधी ठरवावं लागतं. कांजी मोजायच्या की उच्चार? त्सुयुरी हेच आडनाव 'पाचव्या महिन्याची सातवी तारीख' असंही लिहिलेलं याद्यांत मिळतं. उलट चेस्टनट-फुलाच्या त्याच तीन कांजी कुणी त्सुयु वाचतं, कुणी त्सुइरी. कांजी धरल्या तर एक आकडा, कान धरला तर दुसरा.

मग जे आकडे फिरतात ते येतात कुठून? मुख्यतः टेलिफोनच्या पुस्तकातून. घरटी एक फोन, पुस्तकात कर्त्या पुरुषाचं नाव, ते मोजायचं, आणि घरातल्या सरासरी माणसांनी गुणायचं. सातो, सुझुकी अशा सर्रास आढळणाऱ्या आडनावांसाठी हे चालून जातं. लाखोंच्या घरात पाच-दहा हजार इकडेतिकडे झाले तर कोण विचारतो. पण ज्या आडनावाच्या एकूण ओळीच दोन पानांत मावतात तिथे एका आजींनी फोन बंद केला तरी टक्केवारी हलते. आणि आता तर पुस्तकच नाही. २०२१ पासून शेवटच्या आवृत्त्या निघाल्या आणि घरगुती नंबरांचं पुस्तक छापणं थांबलं. मोजपट्टीच मोडली.

त्सुयुरी मंडळी मुख्यतः ह्योगो आणि शेजारच्या ओसाकात, यावर याद्यांचं एकमत आहे. विहिरीपासून तासाभराच्या रेल्वे अंतरात.

आकडा टिपणात घालायचा नाही असं ठरवलं. अचूकतेचा प्रश्न आहेच, पण खरं कारण वेगळं. जुन्या पुस्तकाची प्रत काढून मी पानं उलटत होतो, एक ओळ सापडली, तिच्यासमोर गल्ली आणि घर क्रमांक. सातोच्या पानावर ती आकडेवारी असते. इथे तो एका माणसाचा पत्ता होता. मी पुस्तक मिटलं. १८७२ ची पहिली देशव्यापी कोसेकी सरकारनं १९६८ मध्ये कायमची कुलूपबंद केली, कारण लोक तिच्यातून कोण कुठल्या जातीवस्तीतला हे हुडकून लग्नं मोडत, नोकऱ्या नाकारत. नाव शोधण्याच्या छंदाला इथे तोही इतिहास आहे. माझा छंद भाचीच्या कार्टूनपायी सुरू झालाय, त्यानं कुणाची बेल वाजू नये.

१९ जुलै, शनिवार

आकडा नाही, तर निदान गणित. बाहेर ३५ अंश, एसीखाली बसून मजा आली.

प्रश्न जुना आहे. १८७३ मध्ये इंग्लंडात गाल्टन या शास्त्रज्ञानं विचारला: मोठमोठ्या घराण्यांची आडनावं नाहीशी का होतात? वॉटसन नावाच्या गणिती पाद्रीबाबांनी उत्तर दिलं, १८७४ मध्ये दोघांचा निबंध आला. गंमत म्हणजे पाद्रीबाबांचा निष्कर्ष चुकला. लोकसंख्या वाढती असली तरी प्रत्येक आडनाव शेवटी संपणारच असं त्यांनी काढलं. पद्धत मात्र बरोबर होती, ती आजही वापरतात.

मी एक्सेलमध्ये मांडलं. १८७५ मध्ये एकाच पुरुषाकडे एक आडनाव. त्याला सरासरी एक मुलगा, कमी-जास्त नशिबावर. एका पिढीत आडनाव बुडण्याची शक्यता ३७ टक्के. दोन पिढ्यांत ५३, तिसऱ्यात ६३, चौथ्यात ६९, पाचव्यात ७३. पिढी तीस वर्षांची धरली तर पाच पिढ्या म्हणजे बरोबर आजचा दिवस.

पण जपानची लोकसंख्या तेव्हा साडेतीन कोटींच्या आसपास, आज बारा कोटींवर. म्हणजे दर पिढीला एक नव्हे, सरासरी १.२९ मुलगे धरायला हवेत. पुन्हा चालवलं: २८, ३९, ४६, ५०, ५२. भरभराटीच्या दीडशे वर्षांतही एकट्या घराचं आडनाव टिकणं म्हणजे छापा-काटाच, आणि काट्याकडे जरा झुकलेला.

आता एका घराऐवजी पाच घरं धरली, तर पाचही बुडण्याची शक्यता ४ टक्क्यांवर येते. वीस घरं असतील तर चार लाखांत एकापेक्षाही कमी. म्हणून जे दुर्मीळ आडनाव आज जिवंत आहे, ते बहुधा एका लहरी माणसानं १८७५ मध्ये कचेरीत सुचवलेलं नाही. त्यामागे तेव्हाच एक वाडी असावी. हे सिद्ध झालं असं नाही, पण विहीर आणि एक्सेल एकाच दिशेला बोट दाखवताहेत, म्हणून आज स्वतःवर खूश होऊन कुल्फी खाल्ली. कोनबिनीतली (चोवीस तास उघड्या दुकानातली), दुधाळ, वेलचीचा पत्ता नाही.

३ ऑगस्ट, रविवार

मागच्या गणितातली एक मोठी चूक सकाळी आंघोळ करताना लक्षात आली. मी धरलं होतं की मुलगा नाही म्हणजे आडनाव संपलं. जपानी घराण्यांनी असं कधी होऊ दिलं आहे?

इथे मुकोयोशी असतो. मुलगी असेल तर तिच्यासाठी आणलेला जावई सासरा दत्तक घेतो. आपल्याकडचा घरजावई आणि दत्तक मुलगा, दोघं एकाच माणसात. तो बायकोच्या घरचं आडनाव लावतो, दुकान चालवतो, देवघर सांभाळतो. आपल्याकडे घरजावई म्हटलं की ओठांवर हसू येतं. इथे कर्तबगार कारकून हेरून त्याला मुलगी आणि आडनाव दोन्ही देणारे व्यापारी पिढ्यानपिढ्या झाले. माझ्या तक्त्यात याला रकाना नाही. रकाना घातला तर बुडण्याची शक्यता चांगलीच उतरेल.

आता उलटी बाजू. लग्नानंतर नवरा-बायकोचं आडनाव एकच हवं, हा इथला कायदा. कुणाचंही एक निवडा, पण एकच. शंभरातली चौऱ्याण्णव-पंचाण्णव जोडपी नवऱ्याचं निवडतात. सर्वोच्च न्यायालयानं हा नियम २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये घटनेला धरूनच असल्याचं म्हटलं. तोहोकु विद्यापीठाच्या हिरोशी योशिदा या प्राध्यापकांनी २०२४ मध्ये हिशोब मांडला: सातो आज लोकसंख्येच्या १.५२९ टक्के, त्यांचा वाटा वर्षाला १.००८३ पटीनं वाढतोय. नियम असाच राहिला तर २५३१ साली सगळा देश सातो. मुद्दाम टोकाला नेलेलं गणित आहे, पण लोकांना लागलं ते बरोबर.

शिवाय दर बाईमागे मुलंच १.१५. म्हणजे मुलगा जेमतेम ०.६. माझ्या तक्त्यात १.२९ च्या जागी ०.६ घातलं: एकट्या घराचं आडनाव तीन पिढ्यांत बुडण्याची शक्यता ८७ टक्के. मुकोयोशी आणायचा तर आधी मुलगी हवी ना.

९ ऑगस्ट, शनिवार

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं काल त्याच्या मूळ गावच्या नगरपालिकेतून आलेलं कार्ड दाखवलं. 'तुमच्या नावाचा उच्चार आम्ही असा नोंदणार आहोत. बरोबर असेल तर काही करू नका, चुकला असेल तर २५ मे २०२६ च्या आत कळवा.' कार्डावर 'यामासाकी', बरोबर. पश्चिमेकडे बहुधा 'सा', पूर्वेकडे 'झा'. पण याचं बँकेचं खातं 'यामाझाकी' नावानं आहे, तोक्योत शिकताना काउंटरवरच्या बाईंनी तसं वाचलं आणि यानं दुरुस्त केलं नाही. सोळा वर्षं दोन नावांनी जगतोय. आता कुठलं बदलू, म्हणून विचारत होता. मी म्हटलं, बायकोला विचार. तो म्हणाला, तिचं तर लग्नाआधीचं तिसरंच होतं.

विहिरीच्या खोऱ्यातही अशी कार्डं पोचली असतील. कुठे त्सुयुरी, कुठे त्सुयु, कुठे त्सुइरी. घरच्यांच्या कानापुरतं जे होतं ते आता छापील होतंय.

१७ ऑगस्ट, रविवार

टिपण पूर्ण. चार पानं ठरवली होती, सात झाली. तुऱ्याचा फोटो घातला, विहिरीचा घातला, किर्यूच्या खडकाची गोष्ट चौकटीत. 'का मेली' याचं उत्तर दोन ओळींत लिहिलंय. ताईला आधी वाचायला दिलं, ती म्हणाली चालेल. आकड्याच्या जागी लिहिलं: 'एका शाळेच्या हजेरीपटावर बहुधा एकही नाही, आणि एका खोऱ्यात पिढ्यानपिढ्या आहेत.' रात्री पाठवलं.

१८ ऑगस्ट, सोमवार

भाचीचं उत्तर आलं. वाचलं म्हणे, विहीर आवडली, एक्सेलचं पान सोडलं. आणि खाली: "मामा, तू पहिल्या पानावर त्सुयुरी लिहिलंयस, तिसऱ्यावर त्सुयूरी, आणि फोटोखाली नुसतं सुयुरी. नक्की काय?"

उघडून पाहिलं. एकूण २३ ठिकाणी नाव, त्यातली ९ चुकलेली. आता बदलत बसलोय.